दोन किल्ल्या

बँकेतल्या माणसाला नातेवाइकांत दोन कारणांनी मान असतो. त्याच्या शब्दाने कर्ज मिळते असा समज असतो आणि त्याला कॉम्प्युटर कळतो असा गैरसमज असतो. या दुसऱ्या कारणापायी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माझ्या हातून बुडाला.

कुलवृत्तांत काकांचा. निवृत्तीनंतर अकरा वर्षे त्यांनी एस.टी.ने राजापूर, संगमेश्वर, देवरुख असे सगळे पालथे घातले आणि ओट्याओट्यावर बसून चौदा लाँगबुके भरली. ती छापायची ठरली तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटले, "काका, आता छापतं कोण? वेबसाइट करतात!" भाच्याने दिवाळीच्या सुटीत सगळे टाइप करून थेट चढवले. "आता वह्यांचं काय?" असे काकांनी विचारले तेव्हा, "आता सगळं वर आहे," असे मीच ऐटीत सांगितले. पूर्वज आधीपासून वर होतेच, आता त्यांची नावेही गेली. वह्या रद्दीत साडेपाच किलो भरल्या. काटा बघायलाही मीच उभा होतो.

गेल्या श्रावणात सकाळी सकाळी काकांचा फोन आला. "अरे, आपलं घराणं दिसत नाहीये."

ज्या कंपनीकडे ही साइट भाड्याने ठेवली होती तिथे फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, सर्व्हरची डिस्क गेली."

"मग बॅकअप?"

"सर, बॅकअप ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी. अटींमध्ये आहे, सर."

हा आवाज मी कुठे तरी ऐकला होता. थोड्या वेळाने लक्षात आले की तो माझाच! लॉकरच्या खिडकीवर मी वर्षानुवर्षे याच गोडव्याने बोलत आलो आहे. लॉकरला दोन किल्ल्या, एक बँकेची, एक ग्राहकाची. आम्ही आमची फिरवायची आणि पाठ करून चालू लागायचे. आत पाटल्या आहेत की जुनी लग्नपत्रिका, आम्हाला ठाऊक नाही, म्हणून आमची जबाबदारीही नाही. पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांचा कान धरला, मागोमाग रिझर्व्ह बँकेने नियम केले आणि १ जानेवारी २०२२ पासून आग लागली, चोरी झाली, इमारत कोसळली किंवा आमच्यापैकीच कोणी हात मारला, तर वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई आमच्या गळ्यात आली. हे सगळे मी त्या मुलीला ऐकवले. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाली, "सर, पण आम्ही बँक नाही ना!" आणि पुढचे तीन महिने भाडे माफ केले. रिकाम्या लॉकरचे!

मी धुमसत बँकेत गेलो. आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या साहेबांनी मला स्ट्रासबर्गची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या त्या गावात १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच नावाच्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरच्या इमारतींना आग लागली, एक पार जळाली. एका ग्राहकाने बॅकअपचे पैसे वेगळे मोजले होते. तर तो बॅकअप त्याच इमारतीत! म्हणजे घराची जादा किल्ली घरातच खुंटीला. २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने कंपनीला एक लाख युरोंच्या वर भरपाई द्यायला लावली.

मी टेबलावर मूठ आपटली. "बघा! मीही कोर्टात जातो!"

"जा की," साहेब म्हणाले, "पण तुम्ही बॅकअपचे पैसे भरले होते का?"

बिल उघडले. एक चौकोन होता. 'रोजचा बॅकअप, वर्षाला ६०० रुपये.' त्यातली खूण काढलेली होती. बी.कॉम. झालेल्या माणसाने काढलेली.

याहून लाजेची गोष्ट पुढेच आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत फ्लॉप्यांवर काढून, पाऊस असला तर दुधाच्या पिशवीत गुंडाळून, मी शेजारच्या शाखेत नेऊन द्यायचो आणि पोच घ्यायचो. लोकांच्या पैन्‌पैची प्रत दुसऱ्या छपराखाली, आणि माझ्या खापरपणजोबांची कुठेच नाही. कंपनीला माझे खापरपणजोबा कोण? गेले तर रडणार मी. मग प्रत तिने का ठेवावी? (गोड आवाजाचा राग मात्र आहे तो आहे.)

काकांकडे गेलो. ते ओरडतील या तयारीने गेलो होतो, पण ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "राजापूरच्या आत्याकडे मी तीन दिवस राहिलो होतो. वंशावळीत सगळे पुरुषच. घरातल्या बायकांची माहेरची नावं तिला सात पिढ्यांची पाठ होती. आणखी कुणालाच नव्हती." आत्या जाऊन दोन वर्षे झाली होती.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. पत्र्याचे डबे खाली उतरवल्याचा आवाज आला आणि त्या हातात कागदांची चळत घेऊन आल्या. हळदीचे, तेलाचे डाग, मध्ये डब्यांची गोल वळी, आणि खाली काकांचे अक्षर.

"रद्दीत द्यायच्या आधी काढून ठेवले होते," त्या म्हणाल्या. "कागद जाड होता. फळ्यांवर घालायला बरा."

तेवीस पाने होती. त्यातली दोन आत्याची. सातांपैकी चार पिढ्या निघाल्या. पाचवीच्या एका नावावर मोहरीच्या तेलाचा डाग आहे, ते काका अजून भिंगाने लावताहेत. भाच्याने सगळ्या पानांचे फोटो काढून तीन ठिकाणी ठेवले, आणि काकांनी मला कार्बन पेपर आणायला पाठवले. पुढल्या महिन्यात ते पुन्हा देवरुखला निघाले आहेत. वय ब्याऐंशी.

"ते सगळं ठीक," काकू म्हणाल्या, "पण माझ्या फळ्या उघड्या पडल्यात. त्यावर घालायला काही आण."

दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीच्या अटी छापून नेल्या. सतरा पाने भरली. फळीला बरोब्बर बसली.