पिंचोचे पाणघड्याळ

रोममधील पिंचो टेकडीवरच्या बागेत, एका लहानशा तळ्यातल्या बेटावर पाण्याच्या जोरावर चालणारे घड्याळ उभे आहे. मनोरा लांबून लाकडी वाटतो: गाठाळ बुंधे, खडबडीत साल, एकमेकांत गुंतलेल्या फांद्या. प्रत्यक्षात तो ओतीव लोखंडाचा आहे. माथ्याजवळ चारही दिशांना तबकड्या आहेत. त्यामुळे बागेत कुठल्याही वाटेने आले तरी वेळ कळते.

हे घड्याळ डोमिनिकन धर्मगुरू जोव्हान्नी बात्तिस्ता एम्ब्रियाको यांच्या कल्पनेतून साकारले. यंत्रविद्येत रमणाऱ्या या पाद्र्याने आपल्या पाणघड्याळाचे नमुने १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात मांडले होते. १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात आले, पुढच्या वर्षी राजधानी झाले, आणि १८७३ मध्ये पिंचोवर हे घड्याळ बसले. लोखंडी झाडांचा मनोरा आणि भोवतालचे तळे ही वास्तुविशारद जोआक्कीनो एर्सोक यांची करामत. बागेची मूळ आखणी त्याआधीची, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुझेप्पे वालादिए यांनी केलेली.

पाणघड्याळ म्हटले की आपल्याकडे घटिकापात्र आठवते. घंगाळातल्या पाण्यावर ठेवलेली ती वाटी तळाच्या छिद्रातून भरत जाते आणि २४ मिनिटांनी बुडते. तिथे पाणीच वेळ मोजते. पिंचोवर मात्र वेळ मोजतो तो लंबक. पाणी त्याला फक्त बळ पुरवते. वरून पडणारी धार आळीपाळीने दोन छोट्या पात्रांत येते. एक भरले की जडपणाने कलते, रिते होते. तोवर धार दुसऱ्याकडे वळलेली असते. या कलण्या-उठण्यातून लंबकाला झोका मिळत राहतो आणि काटे पुढे सरकतात. टोल देणाऱ्या यंत्रणेची चावीही पाणीच भरते.

पाणी जितके उपकारक तितकेच त्रासदायक. त्यातले क्षार साचतात, लोखंड गंजते, पाचोळा अडकतो. म्हणून अशा यंत्राची सतत निगराणी करावी लागते. पिंचोचे घड्याळ मधल्या काळात बंद पडले होते. २००७ मध्ये त्याची दुरुस्ती झाली. एम्ब्रियाको यांचे असेच दुसरे घड्याळ रोममध्येच, व्हिया देल जेझू या रस्त्यावरील पालाझ्झो बेरार्दीच्या चौकात आहे.