बेडशाच्या पायथ्याशी, पार्किंग मोडवर

शनिवारी पहाटे साडेपाचला उठून बेडसे लेण्यांना जायचं, असा मेसेज टाकल्यावर आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मंडळींनी स्मायली पाठवली आणि उरलेल्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. शेवटी उरलो मी आणि बाबा. आणि हो, गाडीच्या पुढच्या काचेला आरशामागे चिकटलेला, काडेपेटीएवढा डॅशकॅम. खरं तर ही ट्रिप त्याच्याचसाठी होती.

त्याचं असं झालं. गाडी बाबांची, चालवते मी. गेल्या वर्षी एका मीटिंगला गेले होते. दोन तासांनी खाली येऊन बघते तर डावं मागचं दार आत गेलेलं. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही, वॉचमन चहाला गेलेला. इन्शुरन्स क्लेम करावा तर पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला पन्नास टक्क्यांचा नो क्लेम बोनस पाण्यात. म्हणून खिशातून पैसे भरले. ते एक वेळ ठीक. पण बाबांनी दारावरून हात फिरवला आणि शांतपणे विचारलं, ‘‘कुठे घासलीस?’’ मी शपथेवर सांगितलं की मी नाही. त्यांनी ‘बरं’ म्हटलं. ज्यांच्या घरी असं ‘बरं’ म्हणणारे वडील आहेत, त्यांना मी काय म्हणतेय ते कळलं असेल.

तर डॅशकॅम घेतला. दुकानातल्या मुलाने त्याची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचली आणि ‘झालं मॅडम’ म्हणाला. गोची अशी की आमच्या गाडीत चावी काढली की ते सॉकेट मरतं. म्हणजे मी गाडीत असताना कॅमेरा टक्क जागा आणि गाडी एकटी उभी असताना गाढ झोपेत. मला नेमका उलटा पहारा हवा होता! त्याला म्हणतात पार्किंग मोड. बंद गाडीसमोर काही हललं किंवा गाडीला धक्का बसला की कॅमेरा जागा होऊन छोटी क्लिप घेतो. त्यासाठी कॅमेरा ‘हार्डवायर’ करावा लागतो, म्हणजे थेट गाडीच्या फ्यूज बॉक्सशी जोडावा लागतो.

बाबांनी तीस वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं काम केलंय. मी किट मागवलं हे कळताच पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, ‘‘मीटर आण.’’

किट म्हणजे एक डबी. एका बाजूने बॅटरीचे १२ व्होल्ट आत, दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्याला लागणारे ५ व्होल्ट बाहेर. आत जाणाऱ्या वायरी तीन. आमच्या किटमध्ये पिवळी, लाल आणि काळी होती, पण कंपनीगणिक रंग बदलतात, तेव्हा कागद वाचा. पिवळीला चावी काढल्यावरही वीज असणारा फ्यूज लागतो. लालला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारा. त्यावरूनच कॅमेऱ्याला कळतं की गाडी चालतेय की उभी आहे. काळी बॉडीच्या धातूला, रंग नसलेल्या बोल्टखाली. मी स्टिअरिंगखाली उलटी झोपून टॉर्च धरला होता आणि बाबा एकेका फ्यूजला मीटर लावून ‘चावी काढ’, ‘चावी लाव’ म्हणत होते. माझा प्लॅन झाकणावरचा नकाशा बघून ठोकून द्यायचा होता. तो त्यांनी ऐकूनही घेतला नाही. पिवळीसाठी घरातल्या, आय मीन गाडीतल्या, छताच्या दिव्याचा फ्यूज मिळाला, लालसाठी सॉकेटचा. जोडणी फ्यूज टॅपने, म्हणजे मूळ फ्यूज तसाच आणि शेजारी कॅमेऱ्याचा छोटा दुसरा. वायर कापायची गरजच नाही. एअरबॅग आणि ब्रेकच्या फ्यूजकडे मात्र बोटही दाखवायचं नाही. आणि तुमच्या गाडीला खिडक्यांवरून खाली उघडणारी एअरबॅग असेल, तर काचेच्या कडेच्या खांबातून वायर नेताना ती एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून नाही. ते जमत नसेल तर सरळ जाणकाराकडे जा. इथे हौस नको.

भांडण झालं ते कट-ऑफवरून. गाडी बंद असताना कॅमेरा बॅटरीच पीत असतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. व्होल्टेज किती खाली आलं की कॅमेऱ्याचा पुरवठा तोडायचा, ते किटवर ठरवता येतं. मला ११.८ हवं होतं, म्हणजे जास्त वेळ रेकॉर्डिंग. बाबांनी १२.२ लावलं.

‘‘अहो पण लवकर बंद पडेल ना!’’

‘‘पडू दे. परत आल्यावर गाडी चालू झाली पाहिजे.’’

आता टेस्ट कुठे करायची? सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत, तिथे काय मजा? एखादी एकाकी जागा हवी होती. ‘‘बेडसे,’’ बाबा म्हणाले. ‘‘८१ साली गेलो होतो. कारखान्यातली पोरं, लोकलने कामशेत आणि पुढे चालत.’’ त्यांनी स्वतःहून कुठलं ठिकाण सुचवल्याचं मला आठवत नाही.

रस्ता सोपा. एक्स्प्रेस-वे नको, जुना हायवे धरा. निगडी, देहूरोड, तळेगाव, वडगाव करत कामशेत आणि तिथून पवनानगरच्या रस्त्याला वळा. भात कापून झाला होता आणि खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या. डॅशकॅमने वाटेत राँग साइडने येणारे तीन बाइकवाले आणि एक अख्खा ट्रॅक्टर टिपला. पुढेमागे असं काही कोर्टात दाखवायची वेळ आलीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आणि त्यातलं प्रमाणपत्र लागतं, एवढं लक्षात ठेवा. मूळ फाइल उडवू नका.

पायथ्याशी गाडी डोंगराकडे तोंड करून लावली. वर जायला चारेकशे पायऱ्या. बाबांनी वर एकदा बघितलं. ‘‘तू जा. माझं बघून झालंय. मी बसतो झाडाखाली.’’ गुडघ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. ‘‘टाक्यावरचा लेख बघ,’’ एवढं सांगितलं.

कार्ल्याला एकवीरेची गर्दी, भाज्याला कॉलेजची. बेडशाला त्या सकाळी मी आणि दोन फोटोवाले. वर पोचलं की आधी काहीच दिसत नाही, कारण समोरचा कातळ तसाच ठेवलाय. त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरलं की एकदम पंचवीसेक फूट उंचीचे खांब अंगावर येतात. वर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांच्यावर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या. लेणी पूर्वाभिमुख असल्याने सकाळचं ऊन थेट आत येतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं हे काम, आणि घोड्याची मान अजून ताठ! शेजारचा विहार तर आणखी भारी. चौकोनी असायचा तो मागे गोलाकार आणि वर कमानदार छत, जणू चैत्यगृहातच राहायच्या खोल्या काढल्या.

इथे देणाऱ्यांनी आपापली नावं कोरून ठेवलीत. एक जण नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुष्पणक. आणि टाक्यावर, बाबांनी सांगितलं तिथे, सामडिनिका. महाभोजाची मुलगी, महारठिनी, आपदेवणकाची बायको. पाण्याचं टाकं तिचं दान. ब्राह्मी मला वाचता येत नाही, अर्थ आधी वाचून गेले होते. तरी बाबांसाठी चार अँगलने फोटो काढले.

पावणेअकराला खाली आले. बाबा झाडाखालीच. ‘‘बोअर झालं असेल ना?’’

‘‘छे. बसलो होतो इथेच. शेळ्या बघत.’’ मग माझा मोबाइल घेऊन टाक्याचा फोटो बोटांनी मोठा करत बराच वेळ बघत राहिले. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं. टेस्टचा रिझल्ट बघायचा होता ना! पहिल्या क्लिपमध्ये शेळ्या, खरंच. दुसरीत एक बाइक. तिसरीच्या कोपऱ्यात वेळ ९:४२. बाबा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पायऱ्यांकडे निघाले. एक हात गुडघ्यावर, एकेक पायरी, फ्रेमच्या बाहेर. चौथी क्लिप १०:०१ ची. आडवे होऊन, एकेक पाय टेकवत खाली येणारे बाबा. येऊन पहिल्याच पायरीवर बसले. पाचवी १०:१४. पुन्हा वर. सहावी १०:२०. पुन्हा खाली, आणि मग रुमालाने मान पुसत झाडाकडे.

डॅशकॅमचं कार्ड भरलं की जुन्या क्लिप्सवर नव्या चढत जातात. लॉक केलेल्या तेवढ्या राहतात. मी चारही लॉक केल्या.

‘‘आलं का काही?’’ बाबांनी हॉलमधून विचारलं.

‘‘शेळ्या आल्यात.’’

‘‘मग वायरिंग बरोबर आहे. निघताना व्होल्टेज किती होतं?’’

‘‘१२.४.’’

‘‘बघ. १२.२ वरच राहू दे.’’