कॅरमवाल्यांचा पूल

ऑफिसातल्या पूल टेबलाशी पंधरा मिनिटं उभं राहिलं की कोण लहानपणी चाळीत नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅरम खेळून मोठा झालाय ते लगेच कळतं. निशाणा अचूक, कट असा की बघत राहावं, आणि शॉट मारून झाला की पांढरा बॉल कुठे गेला याच्याशी साहेबांना काडीचं देणंघेणं नाही!

दोष त्यांचा नाही हो. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर परत हातात येतो. दर वेळी आपल्याच रेघेवर, हवा तिथे ठेवायचा. पूलमध्ये पांढरा जिथे थांबेल तिथूनच पुढचा शॉट. म्हणजे प्रत्येक शॉटचे दोन निकाल असतात, एक पॉकेटमध्ये दिसतो आणि दुसरा टेबलावर उरतो. पहिल्याला टाळ्या पडतात. मॅच मात्र दुसऱ्यावर जाते.

आणि याचा खरा हिसका बसतो तो गठ्ठ्याशी. ब्रेकनंतर दोन-तीन बॉल एकमेकांना चिकटून कुठेतरी कोपऱ्यात नाहीतर कुशनला बसलेले असतात. कॅरमवाला म्हणतो, आधी सोपे घेऊ, हे बघू नंतर. कॅरममध्ये ते चालतंही, कारण गठ्ठ्यावर स्ट्रायकर केव्हाही सोडता येतो. पूलमध्ये सोपे बॉल संपले की गठ्ठ्यापर्यंत जायचं वाहनच संपतं. कारण गठ्ठा नुसता फोडून भागत नाही. त्याच शॉटमध्ये एक बॉल पॉट व्हायला हवा, नाहीतर फोडणार तुम्ही आणि खाणार समोरचा.

म्हणून प्लॅन उलटा करायचा. ८ नंबरचा बॉल कुठल्या पॉकेटमध्ये, त्यासाठी शेवटचा बॉल कुठला ठेवायचा, ते आधी. मग गठ्ठा कुठल्या बॉलवरून फोडायचा, ते. आणि फोडल्यावर पांढरा कुठेही भरकटला तरी मिळेल असा एक बॉल विम्यासारखा राखून ठेवायचा. पॉकेटच्या तोंडाशी लटकलेला बॉल याला सगळ्यात उत्तम, आणि नेमका तोच आपली मंडळी सगळ्यात आधी घेऊन टाकतात.

आमच्या ऑफिसच्या टूर्नामेंटची फायनल झाली होती, पाच फ्रेमची. समोर माझ्याच टीममधला एक ज्युनियर, निशाणा माझ्या दुप्पट चांगला. (हा विनय नाही, कुणालाही विचारा.) २-२ झाले. पाचव्या फ्रेममध्ये गड्याने स्मॉलचे सहा बॉल सलग घेतले. रिक्रिएशन रूममध्ये नुसता कल्ला. पण त्याचा ३ नंबर माझ्या १० आणि १४ च्या मागे कुशनला अडकून बसला होता. मारला कसाबसा, गेला नाही, आणि माझी पाळी आली.

माझे पाच बॉल. १० आणि १४ त्या गठ्ठ्यात, ९ डाव्या कोपऱ्यात लटकलेला, १२ मधल्या पॉकेटजवळ आणि ११ टेबलाच्या मध्यावर. मागून एकच गजर, "नऊ घे, अरे नऊ घे!"

आता खरी गोची बघा. गठ्ठा फोडला तर माझे दोन सुटणार, पण त्याचा ३ पण सुटणार. त्याला फक्त ३ आणि ८ हवे होते. म्हणजे त्यानंतर मी एक जरी चुकलो तर खेळ खलास. नाही फोडला तर ९, ११, १२ आरामात घेऊन मी त्याच भिंतीशी जाऊन उभा राहणार जिथे तो मघाशी उभा होता, आणि तेव्हा हाताशी सोपा बॉल एकही नसणार. धोका दोन्हीकडे होताच. मला ९ अजून लटकत असताना तो घ्यायचा होता.

११ चा कोन जमत होता. पांढरा फिरकीशिवाय आदळला की बॉलच्या वाटेला साधारण काटकोनात निघतो. गठ्ठा त्या रेषेच्या जरासा पुढे होता, म्हणून किंचित टॉप दिला. आणि जोर? बेताचाच. मंडळी इथे ब्रेकसारखी हाणतात. बॉल सव्वादोन इंचाचा, तेवढी फट पडली की काम झालं. उगाच दणका दिला तर एक गठ्ठा फुटून दुसरीकडे नवा तयार!

११ गेला. पांढरा १४ च्या कडेला लागला, १० अलगद बाहेर आला... आणि ३ घरंगळत जाऊन उजव्या कोपऱ्यात पॉकेटच्या तोंडाशी उभा. मागचा आवाज बंद. पांढरा असा थांबला होता की १०, १४, १२ काहीच दिसत नव्हतं. दिसत होता फक्त ९.

९ घेतला, पांढरा मध्यावर आणला. मग १०, मग १४. १२ शेवटी, कारण त्यावरून ८ समोर येत होता. ८ पॉकेटच्या दोन्ही ओठांना लागून आत गेला, त्याबद्दल जास्त बोलायला नको.

ज्यांना हे फार डोकेबाज वाटतं त्यांनी अमेरिकेतला स्ट्रेट पूल बघावा. तिथे १४ बॉल संपले की ते पुन्हा रचतात, उरलेला पंधरावा पॉट करता करता पांढऱ्याने तो नवा ढीग फोडायचा, आणि हे न चुकता चालू ठेवायचं. विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये असे सलग ५२६ घेतले. तो आकडा २०१९ पर्यंत टिकला, तेव्हा जॉन श्मिटने ६२६ केले, आणि २०२२ मध्ये जेसन शॉ ७१४ वर पोचला. त्या खेळात गठ्ठा फोडणं हेच रोजचं काम.

असो. तो ज्युनियर आता दर शनिवारी मला कोथरूडच्या एका पार्लरमध्ये ओढून नेतो. तीन बॉल मोकळे, दोन चिकटवलेले, पांढरा हातात, आणि नियम एकच, दुसऱ्या शॉटच्या आत जोडी सुटली पाहिजे. नाही सुटली तर परत मांडायचं. तिथले मार्करकाका खुर्चीवरून न उठता म्हणतात, "हळू साहेब, हळू." टेबलाचे पैसे तासावर असतात आणि सध्या तरी तेच साहेब भरतायत.