बारीक अक्षरांतील नोंदी

आमच्या घरात वाचनाची पुस्तके मोजकीच. पवित्र शास्त्र, गीतांचे एक जुने पुस्तक, मुलांची शाळेची पुस्तके आणि कोणी आठवणीने पाठविलेली मासिके. २०२५ च्या पावसाळ्यानंतर त्यांत आणखी एका ग्रंथाची भर पडली, तो म्हणजे बँकेचे पासबुक. ते वाचणे सोपे नाही. छपाई फिकट, शब्द इंग्रजीतून तोडलेले, आणि एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली. तरीही सांगावेसे वाटते, की त्या हिवाळ्यात आम्ही इतक्या एकाग्रतेने दुसरे काहीच वाचले नाही.

त्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यावर जे कोसळले ते वाचकांनी वृत्तपत्रांत पाहिलेच असेल. भूम आणि परंडा तालुक्यांत नद्यांनी गावेच्या गावे वेढली, जनावरे दावणीलाच गेली. आमच्या लोहारा तालुक्यातील गावाला नदीने गिळले नाही. परंतु चार एकर सोयाबीन उभ्या पाण्यात राहिले आणि शेंगांतल्या दाण्यांना झाडावरच कोंब फुटले. कर्ज काढून पेरलेले, कर्ज काढून फवारलेले पीक असे मातीमोल झाले, की घरातील प्रत्येक रुपयाला नाव द्यावे लागते. हा किराण्याचा, हा मुलीच्या लातूरच्या खोलीभाड्याचा, हा आईच्या औषधाचा.

आईच्या औषधाचा रुपया मात्र हिशेबाला पुरेना. आईचे वय ब्याऐंशी. श्रावणबाळ योजनेचे तिचे अनुदान २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाले आहे. ते कधी वेळेवर येते, कधी दोन-दोन महिने थांबून येते. पण आले की मेडिकलवाल्याची उधारी फिटावी असा रिवाज. त्या ऑक्टोबरात अनुदान जमा झाल्याचे कळले, आम्ही पैसे काढावयास गेलो, आणि खिडकीतील मुलाने जी रक्कम सांगितली ती शंभराहून अधिक रुपयांनी कमी होती. कारण विचारता तो म्हणाला, “काका, मिनिमम बॅलन्सचा चार्ज गेलाय. आपोआप जातो.”

“आपोआप” हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. पाऊस आपोआप पडतो. पैसे कोणी तरी घेतल्याखेरीज जात नाहीत.

घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात हे घर मिळाले, तेव्हापासून कागदपत्रे पेटीत ठेवण्याची शिस्त आईनेच लावली आहे. ज्यांनी एका पहाटेत घर, उंबरा, सात-बारा आणि रेशनकार्ड एकदम मातीखाली गेलेले पाहिले, ते कागदाचा चिटोराही टाकीत नाहीत. त्या पेटीत २०१० पासूनची तिची सर्व पासबुके रबराने बांधलेली सापडली. मुलगी सुटीत आली होती. तिने मोबाईलवर रिझर्व्ह बँकेची परिपत्रके शोधावी, आम्ही बोट ठेवून नोंदी वाचाव्या, अशा तीन रात्री गेल्या.

नोंदी तीन जातींच्या निघाल्या. पहिली, दर तिमाहीस ११८ रुपये: किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड शंभर आणि त्यावर अठरा टक्के कर. २०२२ च्या अखेरच्या तिमाहीपासून अशा बारा, म्हणजे १,४१६ रुपये. दुसरी, दर तिमाहीस १७ रुपये ७० पैसे, मोबाईलवर संदेश पाठविण्याबद्दल. आईकडे मोबाईल नाही, आणि तिला अक्षरओळखही नाही. तो क्रमांक एका नातेवाईकाचा होता आणि बंद पडूनही काळ लोटला होता. त्याचे बारा वेळा मिळून २१२ रुपये ४० पैसे. तिसरी जात आमच्याच पीककर्जाच्या खात्यावर होती: पिकाच्या “पाहणी”चे शुल्क, दोन वर्षांचे ५९० प्रमाणे १,१८०. त्या दोन वर्षांत आमचे पीक गुराख्याखेरीज कोणी पाहावयास आल्याचे गावात कोणाला ठाऊक नाही.

बेरीज २,८०८ रुपये ४० पैसे. शहरातील वाचकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्या घरी ती आईच्या गोळ्यांची कित्येक महिन्यांची तरतूद होती.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. रिझर्व्ह बँकेने २००५ साली बँकांना “नो-फ्रिल्स”, म्हणजे साधी, शिल्लकेची अट नसलेली खाती उघडण्यास सांगितले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचे नाव मूलभूत बचत खाते झाले आणि जुनी नो-फ्रिल्स खाती त्या प्रकारात घ्यावीत असे बँकांना कळविण्यात आले. अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंड असूच शकत नाही. इतर बचत खात्यांवर दंड घेता येतो, परंतु १ एप्रिल २०१५ पासून त्यालाही वेसण आहे. शिल्लक कमी झाल्याचे ग्राहकाला आधी कळवावे, भरणा करण्यास एक महिन्याची मुदत द्यावी, जेवढी तूट त्या प्रमाणातच दंड घ्यावा, आणि केवळ त्या दंडामुळे खाते उणे करू नये. आईच्या पहिल्या पासबुकाच्या पहिल्या पानावर, खाते उघडल्याच्या तारखेस, शिल्लक शून्य अशी नोंद होती आणि वर खात्याच्या प्रकाराचा जांभळा शिक्का होता. पुसट झालेला, पण उन्हात धरला की वाचता येणारा. सारा दावा त्या शिक्क्यावर उभा राहणार होता.

पाहणी शुल्काचा मुद्दा त्याहून सोपा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने आपल्या सभासद बँकांना कळविले होते, की तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर प्रक्रिया, कागदपत्रे, पाहणी आणि खातेवही यांचे शुल्क माफ करावे. आमचे कर्ज दोन लाखांच्याही आत.

आईला हे सारे ऐकवले तेव्हा ती आनंदली नाही. “कामून भांडता बाबा त्या साहेबाशी?” ती म्हणाली. “उद्या पीककर्जाला त्याच्याच दारात उभं राहायचंय.” हे भय हसण्यावारी नेण्याजोगे नाही. अडलेल्या माणसाचा हक्क कागदावर शाबूत असतो. तो मागण्याची किंमत मात्र दुसऱ्या कोठल्या तरी खिडकीवर वसूल होईल, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले असते. आईचे वडील निजामाच्या राज्यात वाढले. ते माल घेऊन सोलापूरच्या पेठेत जात, तो इंग्रजी मुलूख. तेथे हाली सिक्का चालत नसे, कलदार लागे. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार, असा भाव. त्यावर सराफ आपला बट्टा कापून घेई आणि तो किती, हे तो सांगेल तेच खरे. “बट्टा विचारू नये, असं बाबा म्हणायचे,” आई म्हणाली. बट्ट्याचे नाव आता “सर्व्हिस चार्ज” झाले आहे एवढेच.

आमच्या जिल्ह्याला बँकांच्या बाबतीत आणखीही काही आठवते. २००२ साली होम ट्रेडचा रोखे घोटाळा उघडकीस आला, तेव्हा नागपूर आणि वर्ध्याबरोबर उस्मानाबादच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेचेही नाव त्यात होते. येथील माणूस बँकेपुढे दबून असतो तो उगीच नव्हे. वसईतील आपल्या बांधवांनी १९१८ सालीच मोन्सिन्योर मोनिस यांच्या पुढाकाराने स्वतःची सहकारी पेढी उभी केली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. आमच्यासारख्या चार-चार घरांनी विखुरलेल्या कुटुंबांना असे काही जमण्यासारखे नव्हते. आम्हांला परक्या खिडकीतूनच आपले मागावे लागते.

तरीही मागितले पाहिजे असे आम्हांला वाटले, आणि त्याला एक कारण घडले. हे केवळ आमच्याच घरी होत नाही हे कळले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले. स्टेट बँकेने हा दंड २०१७ च्या एप्रिलात पुन्हा सुरू केला होता, तेव्हा पहिल्या आठ महिन्यांतच १,७७१ कोटी जमले; मार्च २०२० मध्ये तिने तो रद्द केला. २०२५ च्या उन्हाळ्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही रद्द केला. आणि घेतलेले परत देणे अशक्य नाही, हेही दिसले. मूलभूत खात्यांतून महिन्याला चाराहून अधिक व्यवहार झाले की प्रत्येकी १७ रुपये ७० पैसे कापले जात. त्याविरुद्ध मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांनी आकडेवारी मांडली. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितले, की १ जानेवारी २०२० पासून रुपे कार्ड व यूपीआयच्या व्यवहारांवर घेतलेले असे शुल्क परत करा. दासांच्या २०२१ च्या अहवालानुसार स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी परत केले आणि १६४ कोटी राहिले होते. कोठे कोट्यवधींचा तो डोंगर आणि कोठे आमचे २,८०८ रुपये! पण तो डोंगर अशाच ११८ रुपयांच्या खड्यांनी रचलेला आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अर्ज लिहिला. मराठीत, एक पान, आणि सोबत प्रत्येक नोंदीची तारीख व रक्कम यांचा तक्ता. रागाचे एकही वाक्य त्यात येऊ दिले नाही. मुलीने दोन घातली होती, ती काढली. शाखेत पोच मागितली तर “साहेब नाहीत, ठेवून जा” असे उत्तर. तेव्हा तोच अर्ज पोचपावतीसह टपालाने धाडला. (पूर्वी अशा वेळी “रजिस्टर करा” म्हणत, २०२५ मध्ये ते रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. एका विश्वासू शब्दाला आपण मुकलो.) टपालाने गेलेल्या कागदाचा परिणाम मात्र वेगळा होतो. तीन आठवड्यांत पाहणी शुल्काचे १,१८० रुपये कर्जखात्यावर जमा झाले. आईच्या खात्याविषयी उत्तर आले, की संगणकानुसार ते सर्वसाधारण बचत खाते आहे, म्हणून दंड योग्य.

खात्याचा प्रकार केव्हा बदलला, कोणाच्या सहीने बदलला, हे आम्ही दुसऱ्या पत्रात विचारले. जांभळ्या शिक्क्याच्या पानाची छायाप्रत जोडली. त्याला उत्तर नाही. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी वकील लागत नाही, फी नाही, आणि चंदीगडच्या केंद्रात कोणत्याही भाषेतील कागद स्वीकारला जातो. आम्ही मराठीतच लिहिले. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी: बँकेकडे पहिली तक्रार मुदतीच्या कायद्यात, म्हणजे साधारणपणे तीन वर्षांच्या आत केलेली असावी लागते. त्यामुळेच आमच्या तक्त्यात बाराच तिमाह्या होत्या. त्यांच्याही मागे, २०१७ पासूनच्या काही नोंदी पेटीतील पासबुकांत आहेत. त्या तेथेच राहतील.

फेब्रुवारीत एके दिवशी आईच्या खात्यात १,४१६ रुपये आले. पत्र नाही, क्षमेचा शब्द नाही. पासबुकात एक ओळ, तीही तोडक्या इंग्रजीत. संदेशाचे २१२ रुपये ४० पैसे मिळाले नाहीत. ती सेवा खातेदाराने मागून घेतली होती, असे शाखेत तोंडी सांगण्यात आले. जक्कयाने ज्याचे घेतले त्याला चौपट परत केले होते. आम्ही व्याजही मागितले नाही. पैसे काढावयास आईला रिक्षाने नेले, कारण अंगठा तिचा लागतो. खिडकीतल्या त्याच मुलाने तिला खुर्ची दिली, “आजी, बसा” म्हणाला. तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि आम्हांला हळूच विचारले, “साहेब रागावले नाहीत ना?” साहेबांची त्या जानेवारीतच बदली झाली होती.

मेडिकलची उधारी ९६० रुपये होती, ती त्याच दिवशी फिटली.

गावात अशा गोष्टी लपत नाहीत. आता रविवारी दुपारी ओसरीवर दोन-तीन जण पिशवीतून पासबुके घेऊन येतात. एकाचे पीककर्ज जुने, थकलेले. अडीच एकरांचा धनी, आणि व्याज मुद्दलाच्या वर गेलेले. दामदुपटीचा जुना नियम आपल्या आजोबांना तोंडपाठ होता, की व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये. अल्प व अत्यल्पभूधारकांच्या अल्पमुदतीच्या पीककर्जाला रिझर्व्ह बँकेनेही तोच दंडक लावलेला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मुलीने ते परिपत्रक लातूरहून छापून पाठविले. त्यांचा अर्ज आम्ही गेल्या सोमवारी टपालात टाकला; पावती त्यांनी टोपीच्या घडीत ठेवली आहे.