फोनशेजारची वही

फोनच्या वहीत मामा कुठे लिहायचा, यावर आपल्या घरांत कधीच एकमत झाले नाही. वडिलांच्या मते आडनावाच्या अक्षराखाली, कारण डिरेक्टरीत तसेच असते. आईच्या मते ‘एम’खाली, कारण मामा तो मामाच. आजी ‘नाशिकला फोन लाव’ एवढेच म्हणायची, म्हणून कुणीतरी ‘एन’च्या पानावरही तोच नंबर लिहून ठेवलेला असे. आजचा फोन अशा नोंदी पाहिल्या की ‘डुप्लिकेट’ म्हणतो आणि एकत्र करू का म्हणून विचारतो. त्या वहीला असले काही विचारायची सोय नव्हती. जो ज्या नावाने शोधेल त्याला तिथे मामा सापडायचा.

आमची पिढी म्हणजे घरात फोन येताना पाहिलेली पिढी. वडिलांनी नंबर लावलेला असे आणि कनेक्शन यायला वर्षे जात. ज्यांना परवडे ते जादा अनामत भरून ओवायटीच्या, म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’च्या, रांगेत उभे राहत. तीही काही लहान रांग नसे. तोवर शेजारच्यांचा फोन हाच आपला फोन. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर तो नंबर ‘पीपी’ लिहून खुशाल छापला जाई, आणि वाड्यात किंवा चाळीच्या गॅलरीत ‘तुमचा फोन आलाय’ अशी हाक आली की हातातले पोळपाट-लाटणे तसेच टाकून आई धावायची. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल: ऑर्डिनरी, अर्जंट, नाहीतर लाइटनिंग. लाइटनिंग लावला म्हणजे कुणीतरी गेले तरी किंवा जायच्या बेतात आहे, एवढे आम्हाला लहानपणीच कळत होते. पुढे 1984मध्ये सी-डॉट स्थापन झाले, देशी बनावटीची एक्स्चेंजे आली आणि गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून जेवून, आवरून लोक तिथे रांग लावायचे. वही मात्र कुणी नेत नसे, हरवेल या भीतीने. नंबर चिठ्ठीवर उतरवून न्यायचा.

वही बहुधा बँकेची नाहीतर विमा एजंटाने जानेवारीत दिलेली. कडेला ए ते झेडच्या खाचा, आत मजकूर मराठी. काही घरांत पत्र्याचा तो चपटा इंडेक्स असे: काटा अक्षरावर सरकवून खालची पट्टी दाबली की झाकण टपकन उघडायचे, आणि पोरांना फोनपेक्षा त्याचेच वेड. ‘एक्स’च्या पानावर लिहिण्यासारखे आपल्यात कुणीच नसल्यामुळे तिथे दुधाचा हिशेब असायचा. ‘डी’वर डॉक्टरांचे दोन नंबर, दवाखाना आणि घर. ‘जी’वर गॅस. कामवाल्या बाईंचा नंबर म्हणजे त्यांच्या वस्तीजवळच्या वाण्याचा. आणि सगळ्यांची अक्षरे एकाच वहीत: वडिलांची कार्यालयीन, आईची घाईची, दादाची जाणूनबुजून तिरकी. कुणीही लिहावे, कुणीही खोडावे. ती वही अमक्याची असे कधी कुणाच्या तोंडून ऐकले नाही.

नंबर तेव्हाही स्थिर नव्हतेच. बदलीच्या नोकरीतल्या काकांच्या नावापुढे चार गावे खोडलेली असत. मुंबईचे सहा आकडी नंबर सात आकडी झाले, मग त्यांच्यापुढे 2 लागून आठ आकडी झाले. पुण्याचा कोड 0212 होता तो 020 झाला. त्या काळात एका रविवारी कुणीतरी लाल पेन घेऊन बसायचे आणि ओळीने सगळ्या नंबरांच्या आधी 2 लिहीत जायचे. तेवढ्या कामात अख्ख्या गोतावळ्याची उजळणी व्हायची. यांच्याकडे मुंज आहे वाटते, त्यांना बरेच दिवसांत फोन नाही, हे तर सोडूनच गेले गाव. वही भरली की नवी लिहायची, आणि कुणाला नव्या वहीत घ्यायचे, कुणाला जुन्या वहीतच राहू द्यायचे, याचा निकालही तेव्हाच लागायचा. फारसा वाद न होता.

या आठवणी सांगताना गोड पाणी फार घालू नये. एक फोन, एक वही म्हणजे कुणालाच आडोसा नाही. हॉलमधल्या फोनवर मुलगी कुणाशी किती वेळ बोलली हे घराला ठाऊक, मुलाचा फोन आला तर आधी वडील ‘कोण बोलतंय?’ विचारणार. काही घरांत डायलला चक्क छोटे कुलूप असे. डिरेक्टरीत फोन नवऱ्याच्या नावावर आणि वहीत नोंदही त्याचीच. बोलायचे असायचे काकूशी, नंबर मात्र ‘दादरचे काका’. काकूला स्वतःचा नंबर मिळाला तो मोबाइल आल्यावर. मला विचाराल तर या एका कारणासाठी त्या काळात परत जायची माझी तयारी नाही.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल सुरू झाला. आपल्या घरांत तो आला बराच उशिरा. 2003मध्ये इनकमिंग फुकट झाले आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया 1100 निघाला, तेव्हा कुठे मध्यमवर्गाने खिशात हात घातला. नंबर आता सिम कार्डावर. साधारण अडीचशे नोंदी मावत, नावाला जेमतेम पंधरा-वीस अक्षरे आणि तीही इंग्रजी. ‘साताऱ्याचे आप्पा नवीन’ असे लिहू गेले की शेवटचा ‘नवीन’ तुटून आप्पा जुनेच राहत. एका नोंदीत एकच नंबर, म्हणून आई वन, आई टू. फोन बदलला की दुकानदार ‘सिमवर कॉपी करून घ्या’ म्हणायचा आणि सिम भरल्याने पुढची नावे वाटेतच गळायची. ‘फोन हरवला, सर्वांनी आपापले नंबर पाठवा’ हे निवेदन मग घरोघरी ऐकू येऊ लागले.

खरे तर उपाय कधीच निघाला होता. आपल्याकडे मोबाइल आला त्याच 1995 सालात अॅपल, आयबीएम वगैरे कंपन्यांच्या एका गटाने पत्त्याच्या नोंदीसाठी व्हीकार्ड हा सामाईक साचा मांडला. आज व्हॉट्सअॅपवर कुणी ‘प्लंबरचा नंबर पाठव’ म्हटल्यावर आपण जे चौकोनी कार्ड पाठवतो, ते त्याचेच वंशज. नंतर जीमेल आले, 2008मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला, आणि यादी फोनमध्ये न राहता दूर कुठल्या तरी संगणकावर, आपल्या खात्यात राहू लागली. फोन, टॅबलेट, लॅपटॉप ही त्या यादीकडे बघायची खिडकी तेवढी. एका खिडकीतून बदल केला की सगळ्या खिडक्यांतून तो दिसतो. सिंक म्हणतात ते एवढेच.

आणि मग मुलांनी परदेशातून टॅबलेट आणले. 2010मध्ये आयपॅड निघाला, पुढच्या वर्षी ‘आकाश’ नावाचा स्वस्त सरकारी टॅबलेट पेपरांत गाजला, पण आईच्या हातात आला तो न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेल्या लेकाच्या बॅगेतून, नातवंडे मोठ्या पडद्यावर दिसावीत म्हणून. लेकाला वेळ कमी. त्याने स्वतःचेच गूगल खाते टाकून दिले आणि विमान पकडले.

पुढचे अनेक घरांत घडले आहे, तुमच्याही घडले असेल. आईच्या टॅबलेटवर तिची मैत्रीण नाही, भिशीवाल्या नाहीत, केमिस्ट नाही. आहेत ते न्यू जर्सीतल्या एडिसनचा प्लंबर, कुणी डेंटिस्ट आणि लेकाच्या कचेरीतले दोनशे लोक. आईने चिकाटीने त्यात ‘भाजीवाला नवा’ भरला, तो तत्क्षणी समुद्रापार लेकाच्या फोनमध्ये उगवला. त्याला कौतुक वाटले. मग एका दुपारी आईने घरातली अडगळ काढावी तसे अनोळखी लोक एकेक करून पुसले. तेही तिकडे पुसले गेले. गूगलच्या यादीतून काढलेली नावे ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतात, तेवढ्या मुदतीत परत आणता येतात, म्हणून बहुतेक लेकांच्या नोकऱ्या वाचल्या असाव्यात.

याची दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन आईचे स्वतःचे खाते जोडायचे, त्यात कॉन्टॅक्ट्सचे बटण चालू करायचे, आणि लेकाचे खाते ठेवायचेच असेल तर त्याचे कॉन्टॅक्ट्स तेवढे बंद करायचे. आयपॅडलाही हे चालते. अँड्रॉइड फोनवरचे गूगल खाते तिथे जोडले की यादी येते. तरीही निम्मी नावे दिसत नसतील तर ती आईच्या फोनमध्ये ‘डिव्हाइस’ नाहीतर ‘सिम’वर साठवलेली असणार. तिथली नावे कुठल्याच खात्यात नसतात, म्हणून सिंक त्यांना हात लावत नाही. ती एकदा खात्यात हलवायची, आणि नवे नाव कुठे साठवायचे या ठिकाणी कायमचे गूगल निवडून ठेवायचे. एवढे करून पाहा, आईची मैत्रीण आणि केमिस्ट दोघेही टॅबलेटवर हजर.

पण यात घर कुठे आहे? सिंक माझा फोन माझ्या टॅबलेटशी जोडते. माझा फोन बायकोच्या फोनशी जोडत नाही, बाबांचा माझ्या फोनशी नाही. एका छपराखाली चार माणसे, चार याद्या. कामवाल्या मावशींचा नंबर हिच्याकडे, इलेक्ट्रिशियनचा माझ्याकडे, बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा फक्त बाबांकडे. गेल्या दहा वर्षांत किती घरांत तीच गोष्ट ऐकली: बाबांना रात्री दवाखान्यात नेले, आणि त्यांचा फोन कुलूपबंद. बोट लावायला माणूस शुद्धीत नाही, पिन कुणाला ठाऊक नाही. माणूस गेल्यावर तर आणखी पंचाईत. पूर्वी अशा सकाळी एखादा थोराड आतेभाऊ वही मांडीवर घेऊन फोनपाशी बसायचा आणि ‘ए’पासून सुरुवात करून निरोप द्यायचा. साताऱ्याचे आप्पा कधी सुटले नाहीत. आता ग्रुपवर मेसेज पडतो, आणि जे ग्रुपवर नाहीत त्या आप्पांना तेराव्यानंतर कळते. ते मनाला लावून घेतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

यादी ढगात सुखरूप आहे, हे समाधानही अर्धेच. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते बंद करून टाकण्याचे गूगलचे धोरण आहे. 2023च्या डिसेंबरपासून ते अमलात आले. त्यावर त्यांच्याकडेच इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय 2013पासून आहे: आपण इतके महिने फिरकलो नाही तर खात्यातले काय कुणाच्या हाती द्यायचे, हे आधीच लिहून ठेवता येते. अॅपलने तशी सोय 2021मध्ये आणली. आमच्या वयाच्या किती जणांनी ती भरली आहे, हे विचारून पाहा. मृत्युपत्र केलेले लोकही इथे हात वर करतात.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसवा. दुपारी गाठलेत तर बाबांची झोप मोडेल, म्हणून सकाळी. प्रत्येकाने आपल्या यादीतल्या घराच्या उपयोगाच्या नावांना एक लेबल लावावे, तेवढीच नावे व्हीसीएफ, म्हणजे व्हीकार्डाची फाइल करून बाकीच्यांना पाठवावीत. सगळ्यांकडे सगळे येईल. बाबांच्या फोनचा पिन एका बंद पाकिटात, कपाटात. आणि दहा-बारा नंबर साध्या कागदावर ठळक लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, वीज गेली किंवा चार्जिंग संपले तरी वाचता येतील असे. शेजाऱ्यांचा नंबर त्यात हवाच, काकूंचा त्यांच्या स्वतःच्या नावाने. सगळ्यात वर 108 आणि 112 लिहा.