कानाच्या मुळाशी

जिजीला थर्मामीटर लागत नसे. पहाटे धारेला बसण्याआधी ती गाईच्या कानाच्या मुळाशी हात ठेवायची, मग नाकपुडीवरून बोट फिरवायची. धडधाकट जनावराची नाकपुडी कायम ओली असते. ती सुकलेली दिसली की जिजी माझ्या चुलतभावाला हाक मारायची, "डॉक्टरला फोन लाव रे, हिच्या अंगात कसर आहे." संध्याकाळी दूध दोन लिटरनं घटायचं आणि तिचं म्हणणं सगळ्यांना पटायचं.

जिजी म्हणजे माझी थोरली चुलती. अकोले तालुक्यातल्या आमच्या गावात तिनं जन्मभर गोठा सांभाळला. ती लग्न होऊन आली तेव्हा दावणीला डांगी गाई होत्या. डांगी ही त्या डोंगराची गाय. तिच्या कातडीतून तेलकट ओलावा स्रवतो, म्हणून धो धो पावसातही ती चरत राहते. दूध मात्र वासराला पाजून घरापुरतं. मग संकरित गाई आल्या. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला 'बाएफ' सुरू केली, तिथून आणि सरकारी दवाखान्यांतून होल्स्टीन, जर्सीचं रेतन खेड्यापाड्यांत पोचलं. आमच्याकडेही मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून डॉक्टर येऊ लागले. डांगी कालवडी एकेक करून विकल्या गेल्या. त्याचं जिजीला वाईट वाटलं असणार, पण दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार तिच्या हातात पडत होता. त्या पगारावर माझ्या चुलतबहिणी शिकल्या. त्या बदलाला नावं ठेवणं मला जमत नाही.

पण संकरित गाय हे फार नाजूक जनावर आहे. पंधरा-वीस लिटर दूध देणारं शरीर कायम काठावर उभं असतं. ऊन लागलं, चारा बदलला, खाली ओलं राहिलं की खुरं बिघडतात, कास सुजते. म्हणून जिजी प्रत्येक सडाची पहिली धार तळहातावर घेऊन बघायची. गुठळी दिसली की ते सड शेवटी, वेगळ्या भांड्यात.

चांदणी घरच्याच गाईची कालवड. काळीपांढरी, कपाळावर मोठा ठिपका. तिसऱ्या वेताला ती व्यायली त्या रात्री मी गावी होते. जेवणं झाल्यावर जिजी गोठ्यात गेली आणि तिथूनच ओरडली. चांदणी खाली बसलेली, मान वळवून बरगड्यांवर टेकवलेली, उठायलाच तयार नाही. जिजीनं माझा हात धरून तिच्या कानाला लावला. कान थंडगार होते. "हा ताप नाही गं, हिचं कॅल्शियम उतरलंय." व्यायल्यानंतर चिकातून, दुधातून कॅल्शियम इतक्या वेगानं जातं की रक्तात ते उरतच नाही. नाव दूधज्वर असलं तरी जनावर गार पडतं. डॉक्टर आले, मानेच्या शिरेतून बाटली लावली. ती अगदी सावकाश द्यावी लागते, घाई केली तर हृदय बंद पडतं. जिजी बाटली धरून उभी होती, हात कापत नव्हता. तासाभरात चांदणीनं शेण टाकलं, मग अंग झाडून उठली. जिजी तिच्या गळ्यात पडून रडली. माणसांसमोर तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेरकडे लंपी दिसल्याची बातमी आली. पुढे गुरांचे बाजार बंद झाले. पोळ्याला बैल वेशीत गेले नाहीत. लंपीचा विषाणू देवीच्या जातकुळीतला. माश्या, डास, गोचिडांतून पसरतो. जिजी रोज तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली जात होती, आमच्याकडेही टोचली. पण लसीचा गुण यायला साधारण तीन आठवडे लागतात. चांदणीला तेवढे दिवस मिळाले नाहीत.

या वेळी कान तापले होते. दोन दिवसांत मानेपासून मांडीपर्यंत गाठी उठल्या, पायांना सूज आली, तोंडात फोड आले. जिजीनं तिला वेगळं बांधलं. डॉक्टरांची इंजेक्शनं चालू होतीच. शिवाय विड्याची पानं, मिरी आणि मीठ वाटून गुळात कालवून ती बोटानं चांदणीच्या जिभेवर लावायची. गाठी फुटल्या तेव्हा जखमांत आळ्या पडू नयेत म्हणून हळद-तेलाचा हात फिरवायची. शहरात लोक दूध प्यावं की नाही हे विचारत होते. हा आजार माणसाला होत नाही, हे सांगून सांगून मी थकले. त्या दुधामागची गाय कशी आहे, हे मला एकानंही विचारलं नाही, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चांदणी गेली. जेसीबीनं बांधाकडेला खोल खड्डा केला, चुना आणि मीठ टाकलं. पंचनाम्यात कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहिला गेला. दुभत्या गाईसाठी सरकारची मदत 30,000 रुपये होती. ती मिळाली, उपयोगीही पडली. पण जिजीनं त्यानंतर धार काढली नाही. उरलेल्या गाई तिनं सुनेच्या हवाली केल्या. गोठ्याच्या दारापर्यंत यायची, विचारायची, परत जायची. दीड वर्षानं तीही गेली.

2023-24 मध्ये देशात जवळजवळ 24 कोटी टन दूध झालं, जगात सगळ्यात जास्त. त्याच हिवाळ्यात आमच्याकडे भाव इतका पडला की सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं. दुधात फॅट 3.5, फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ म्हणजे एसएनएफ 8.5, त्यावर दर. पहाटे कानाच्या मुळाशी ठेवलेला हात कुठल्या दरात धरतात? जनावर आजारी पडण्याआधी ओळखणं हे या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं काम. ते बायका करतात, आणि ते कोणी लिहून ठेवत नाही.

मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला. गाय सकाळी व्यायली होती, रात्र झाली तरी जार पडली नव्हती. "ताई, जिजी अशा वेळी कसला तरी काढा पाजायच्या. तुम्हाला आठवतं का, काय काय घालायच्या त्यात?"

मला गूळ आठवत होता. बाकीचं नाही. मी म्हटलं, "ओढू नकोस, डॉक्टरांना बोलव."