पुतण्याचे मत

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित धनाचा वाटा ज्यांस मिळावयाचा नाही अशांची गणना आहे. तीत उन्मत्त आणि जड हे दोन निराळे शब्द आहेत. म्हणजे वेड आणि मंदबुद्धी एक नव्हे, हे शास्त्रकारांस ठाऊक होते. १९२८ च्या कायद्याने जन्मांध व बहिऱ्यांचा वारसा मोकळा केला, जन्मजात जडास मात्र वगळले. त्यास वाटा मिळाला तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. मौज ही की, मताचा अधिकार त्यास त्याआधीच मिळाला होता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरविलेला मनुष्यच मतदार यादीस अपात्र होतो. शाळेचा शेरा किंवा चुलत्यांचा अभिप्राय यांस तेथे किंमत नाही.

आम्ही वाशीम जिल्ह्यातले, कारंज्याजवळचे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव वयाने सव्वीस वर्षांचे. गोठ्यातली गाय न् गाय ओळखतात. अक्षर मात्र लागले नाही. त्यांचे नाव यादीत घालण्याचा विषय निघाला तेव्हा थोरले दादा म्हणाले, "मास्तर, तू सांगशील तेच बटण तो दाबेल. म्हणजे तुला दोन मते झाली."

आक्षेप पोकळ नव्हता. मोठ्यांचे ऐकावे, हे त्यास आम्हीच शिकविलेले. परंतु आमच्या लहानपणी मतदानाच्या आदल्या रात्री वडील घरातल्या बायकांस चिन्ह सांगून ठेवीत आणि त्या मान डोलावीत. म्हणून त्यांचे मत काढून घ्या, असे कोणी म्हटले नाही. हे आम्ही बोलून दाखविताच वहिनी आतून म्हणाल्या, "मान डोलावीत, शिक्का कुठे मारला, हे कोणी पाहिलं?"

नमुना सहा भरला. मग पुठ्ठ्याचे यंत्र केले. चिन्हे पक्षांची न घेता घरातलीच घेतली: पळी, कंदील, छत्री, घागर. प्रथम तो सगळीच बटणे आनंदाने दाबी. तेव्हा रविवारची भाजी मतदानाने ठरवू लागलो. दोन रविवार त्याचे वांगे हरले, तो रुसला; तिसऱ्या रविवारी जिंकले. एकच बटण दाबावयाचे आणि हरले तरी जेवावयाचे, हे त्यास व्याख्यानाने उमगले नसते.

निवडणूक नियमांतील सोबत्याची सवलत अंध किंवा शरीराने अशक्त मतदारापुरती लिहिली आहे. आमचा पुतण्या धडधाकट. त्यास आत एकट्यानेच जाणे प्राप्त. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मतदानाची सामग्री सहज समजेल अशी असावी असे सांगितले आहे. चित्रांची सोपी पुस्तिका मात्र आमच्या हाती आली नाही. तथापि एकट्याने जाण्यात एक लाभ आहे. मास्तर बाहेर राहतो.

जपानात पालकत्वाखालील माणसांचे मत २०१३ पर्यंत कायद्यानेच बंद होते; स्पेनने न्यायालयांनी काढून घेतलेली मते २०१८ च्या कायद्याने परत दिली. आमच्याकडे कायद्याचा अडसर थोडा, घराचा अधिक.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. "याला काय कळतंय?" असे रांगेतील एक गृहस्थ पुटपुटले. केंद्राध्यक्षांनी यादीतले नाव व ओळखपत्र पाहिले, आणि सोडले. बराच वेळ शांतता. मग यंत्राचा लांब आवाज ऐकू आला.

सायंकाळी दादांनी विचारलेच, "कुणाला दिलंस रे?"

"सांगायचं नसतं, मोठे बाबा."

दादा अद्याप खूष नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकाच वेळी दोन-तीन जागांसाठी बटणे दाबावी लागतात. पुठ्ठ्याचे नवे यंत्र वहिनी करीत आहेत.